नववा कोयता

ज्या तक्त्यामुळे मला पहिली नोकरी मिळाली, त्यात बारा ओळी आहेत. नववी ओळ मला अजून पाठ आहे. आमच्या विषयाच्या दोन पाठ्यपुस्तकांत तो तक्ता छापलेला आहे, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास मी तो फळ्यावर काढतो. मुलं वहीत उतरवून घेतात. नवव्या ओळीशी आलो की खडू हातात थोडा थांबतो, एवढंच. कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही. आता पन्नाशी जवळ आली आहे, म्हणून त्या ओळीत जे लिहिलेलं नाही ते इथे लिहितो आहे.

माझा विषय व्यवस्थापन. चाळीसच्या दशकात, लढाई चालू असताना मी तो शिकायला घेतला, तेव्हा आमच्याकडे त्या नावाचं काही शास्त्र असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझे वडील नगरच्या एका कचेरीत कारकून होते. सुट्टीत घरी गेलो की ते विचारायचे, "म्हणजे तू नक्की काय शिकतोस?"

"लोक काम कसं करतात ते."

"त्यासाठी पुण्याला कशाला जायला हवं? ये, कचेरीत माझ्या शेजारी बस. कसं करत नाहीत तेही दिसेल."

मला मात्र खरोखरच उत्सुकता होती. आमच्या घरासमोर हातमाग होते. दोन विणकर एकाच मापाच्या मागावर, एकाच सुताचं लुगडं विणायला बसायचे, आणि एकाचं संध्याकाळी चार बोटं जास्त निघायचं. असं का होतं, हा प्रश्न मला लहानपणापासून सोडत नव्हता. पुण्यात मला जे प्राध्यापक मिळाले ते विलायतेत राहून आले होते. त्यांनी सांगितलं की या प्रश्नाचं उत्तर घड्याळ आणि कागद घेऊन काढता येतं. काम लहान लहान हालचालींत तोडायचं, प्रत्येक हालचालीला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि फालतू हालचाली काढून टाकायच्या. त्यांनी कॉलेजच्या जिमखान्यातून शर्यतींचं स्टॉपवॉच मागून आणलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "साखर कारखान्याच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. ऊसतोडणी बघा. दोन महिने फक्त बघा. मत बनवायची घाई नको."

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, आता ज्याला श्रीरामपूर म्हणतात त्या स्टेशनवर मी उतरलो. तिथून बैलगाडीनं कारखान्याच्या शेतीवर. कारखाना खासगी होता, शेकडो एकर ऊस त्याचा स्वतःचा. तोडणीला पूर्वेकडच्या कोरड्या भागातून, पाथर्डीकडून, टोळ्या यायच्या. तिकडे विहिरींना संक्रांतीनंतर पाणी राहायचं नाही, आणि इकडे कारखान्याची चिमणी उन्हाळ्यापर्यंत धूर सोडत असायची. उसाच्या पाचटाच्या कोप्या उभारून ही माणसं फडाच्या कडेला चार-पाच महिने राहायची.

तोडणीचं सगळं काम शेतकी ऑफिसरच्या ताब्यात होतं. तो वाईट माणूस नव्हता. साखरेवर सरकारी नियंत्रण आलेलं, वरून रोज तारा यायच्या, आणि त्याला रोज गाळपाला पुरेल एवढा ऊस हवा असायचा. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "मला एवढंच सांगा, चांगला कोयता नि रद्दी कोयता यांत फरक कशानं पडतो? बाकी तुमचं शास्त्र तुम्हाला लखलाभ."

त्याचा नियम असा होता. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत प्रत्येक कोयत्यानं किती मोळ्या तोडल्या त्याची एक बेरीज व्हायची. एक आकडा ठरलेला होता. बेरीज त्या आकड्याच्या खाली गेली की शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तो कोयता हजेरीतून खोडला जायचा, कोपी मोडायची, आणि पुढच्या वर्षी त्या माणसाला बोलावणं यायचं नाही.

मला जी टोळी नेमून दिली ती बारा कोयत्यांची. मी बांधावर स्टूल टाकलं, डोक्यावर छत्री धरली, पायात बूट, गळ्यात घड्याळ. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मुकादम साठीचा, कानात बाळी, बोलण्यात तिरकस. त्यानं घड्याळ हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"मास्तर, ह्यात काटा एकच हाय की. वाजलं किती ते कसं कळायचं?"

"हे वेळ सांगत नाही. किती वेळ लागला ते सांगतं. शर्यतीला वापरतात."

"आन् शर्यत कुनाची? आमची का बैलांची?"

पहिले चार दिवस मी भलत्याच आनंदात होतो. हजेरीत बारा नावं होती, मी बारानं भागत होतो, आणि माणशी उत्पादन इतकं येत होतं की प्राध्यापकांनी दिलेल्या परदेशी आकड्यांना मागं टाकील. पाचव्या दिवशी मी ते मोठ्या कौतुकानं मुकादमाला सांगितलं. त्यानं फडाकडे बोट केलं.

"मास्तर, फडात डोकी किती दिसत्यात तुमाला?"

मी मोजली. चोवीस.

"कोयता म्हंजी नवरा-बायकू. त्यो तोडनार, ती मोळी बांधनार, डोक्यावर न्हेनार. हजेरीत एकच नाव ऱ्हातंय, पन राबत्यात दोघं. तुमी चार दीस बायकांना मोजलंच न्हाई व्हय?"

ही गोष्ट त्यानं मोठ्यानं सांगितली आणि सगळा फड हसला. एक बाई ओरडली, "मास्तर, आमी दिसत न्हाई व्हय तुमाला? का छत्री आडवी येती?" मीही हसलो. चार दिवसांचे कागद फाडले, नवीन रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, 'स्त्री: मोळी बांधते'. त्या रकान्यात याहून जास्त काही लिहायला हवं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

मग काम सुरळीत सुरू झालं. फडात प्रत्येक कोयत्याची पात ठरलेली असते, म्हणजे उसाच्या सऱ्यांचा त्याच्या वाट्याचा पट्टा. तोडलेल्या उसाच्या मोळ्या आपल्याच पातीत रचायच्या. दिवस कलायच्या आधी कारखान्याचा कारकून यायचा, मुकादमाबरोबर पातीपातीतून फिरायचा, मोळ्या मोजून वहीत मांडायचा. मग गाड्या भरायच्या. माझं काम मधल्या वेळेचं होतं. मी हालचाली पाडल्या: वाकणं, ऊस धरणं, तोडणं, पाला काढणं, शेंडा छाटणं, टाकणं. सहा.

नववा कोयता सगळ्यांच्या पुढे होता. नवरा सडपातळ, डावखुरा, कमी बोलणारा. बायको विशीची असेल, नऊवारीचा पदर पोटावरून घट्ट खोचलेली, सारखी कुणाशी तरी गप्पा मारणारी. दिसायला पाचव्या आणि सातव्या कोयत्याचे गडी याच्या दुप्पट होते. तरी कारकुनाच्या वहीत याचा आकडा रोज वर. मी स्टूल त्याच्या पातीसमोर नेलं आणि तीन दिवस दुसरं काही पाहिलं नाही. मग दिसलं. तो उजव्या हातानं ऊस धरायचा, डाव्यानं तोडायचा, आणि तोडल्याबरोबर कोयता वर सरकत पाल्यातून थेट शेंड्यापर्यंत जायचा. तोडणं, पाला आणि शेंडा एकाच ओढीत. खाली वाकला की दोन ऊस तोडल्यावरच सरळ व्हायचा. इतरांच्या सहा हालचाली, याच्या चार.

तो आनंद मी विसरलेलो नाही. ते विणकर, चार बोटांचं ते लुगडं, सगळ्याचं उत्तर जणू समोर उसात वाकून उभं होतं. मी त्याच दिवशी प्राध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'फार मोलाचं. हाच तुमच्या प्रबंधाचा गाभा. मात्र एक बघा. दोन हालचाली वाचल्यानं एवढा फरक पडेल? पुन्हा तपासा.'

मी तपासलं. सेकंद गुणले, उसांना भागलं, मोळ्या काढल्या. चार हालचालींमुळे दिवसाला दोन-तीन मोळ्या वाढत होत्या, हे खरं होतं. पण कारकुनाच्या वहीत त्याच्याहून खूप जास्त होत्या. रोज वीस-बावीस मोळ्यांचा मेळ लागेना. घड्याळ बिघडलं असेल म्हणून मी ते मुकादमाच्या नाडीवर लावून पाहिलं. त्याला वाटलं मी वैद्यकीही करतो. त्यानं गुडघा पुढे केला. "ह्यो बी बघा जरा. थंडीत लई वरडतो."

त्या बावीस मोळ्यांनी मला आठवडाभर छळलं. कारकून चुकत असेल? मी त्याच्या मागून मोजत गेलो. तो चुकत नव्हता. मोळ्या लहान बांधत असतील? वजन करून पाहिलं, सारख्याच. रोज दुपारी सगळी टोळी पाटाच्या कडेला बाभळीखाली भाकरी खायला जायची तेव्हा मीही माझा डबा घेऊन गड्यांबरोबर पुढे जायचो. एके दिवशी मुद्दाम मागे राहिलो. 'डोकं दुखतंय' म्हणालो आणि स्टुलावर छत्रीआड बसून राहिलो.

बायका आपापल्या पातीतून निघाल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक मोळी होती. भाकरी खायला जाताना कुणी मोळी कशाला नेईल? मी घड्याळावरचा हात काढला. नवव्या पातीशी आली की प्रत्येक बाई मान तिरकी करायची, मोळी खाली उतरवायची आणि मागे न बघता पुढे जायची. जणू वाटेतला काटा बाजूला केला. एक, दोन, तीन... अकरा. चार वाजता पाणी प्यायलाही एरवी मी पुढे जायचो; त्या दिवशी थांबलो, तर तेव्हाही तेच. पुन्हा अकरा.

बावीस.

माझा मेळ लागला होता. खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मला नुसता आनंदच झाला, गणित सुटल्याचा. मग विचारावंसं वाटलं, का?

मुकादमाच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. तिला गाठून विचारलं. तिनं आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं.

"मास्तर, येवढं डोळं फाडून बगताय तीन आटवडं. नवव्या कोयत्याची पोर कशी चालती ते न्हाई दिसलं?"

"कशी चालते?"

"आठवा म्हयना सरत आलाय तिला!"

मी नवव्या पातीकडे पाहिलं. घट्ट खोचलेला पदर, कमरेवर टेकलेला हात, मोळी उचलायच्या आधी घेतलेला तो श्वास. माझ्या कागदांवर तो श्वाससुद्धा होता. 'विलंब, दोन सेकंद' असा.

मावशीनं मग सगळं सांगितलं. शिमग्याच्या आधी ती बाळंत होणार. त्यानंतर निदान बारा-तेरा दिवस नवरा एकटा तोडणार, म्हणजे अर्धा कोयता. बेरीज आकड्याच्या खाली जाणार आणि बाळंतिणीची कोपी मोडणार. म्हणून आत्ताच तिच्या पातीत मोळ्या टाकून ठेवायच्या. त्यांच्या टोळीत ही जुनी रीत होती. पोटुशी बाईची आपण ओटी भरतो, तशी ही फडातली. तिला ते म्हणायचे वटीची मोळी. प्रत्येक घरची एक सकाळची, एक दुपारची. जिची आज भरली ती पुढच्या वर्षी दुसरीची भरणार.

"आन् कारकुनाला कळत न्हाई?" मी विचारलं. त्यांच्यात राहून माझीही भाषा वळली होती.

"त्यो पातीत हाय ते मोजतो. कुनी टाकलं ते कशाला मोजंल?"

संध्याकाळी मुकादम स्वतः माझ्या स्टुलाशी आला. तिरकस बोलणं नव्हतं त्या दिवशी. "मास्तर, तुमी बघितलं ते बघितलं. पन ल्ह्यायचं न्हाई. सायबाला कळलं तर लबाडी म्हनंल. आख्खी टोळी काढंल."

"नाही लिहिणार."

"शब्द?"

"शब्द."

आता इथे माझ्यासमोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही मला स्पष्ट दिसत होत्या. तक्त्यातून नववी ओळ काढून टाकता आली असती. अकरा कोयत्यांचा अभ्यास, नवव्याची नोंद अपुरी, असं लिहिलं असतं तर शब्दही राहिला असता आणि खरंही राहिलं असतं. मग माझ्याजवळ उरलं असतं ते दिवसाला दोन-तीन मोळ्या वाढवणारं एक हस्तकौशल्य. त्यावर प्रबंध झाला नसता. पुण्याच्या एका कॉलेजात जागा निघणार होती, आणि प्राध्यापक त्यासाठी माझ्या प्रबंधाची वाट बघत होते.

मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांच्या प्रश्नाला उत्तर एका शब्दाचं दिलं: 'तपासलं.'

माझ्या मनाशी मी असा युक्तिवाद केला की मी खोटं कुठे लिहिलं? कारकुनाच्या वहीत जे आहे तेच तक्त्यात आहे. त्यांचं गुपित राखलं आहे, म्हणजे उलट उपकारच. दिलेला शब्द इतका सोयीचा असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिमग्याच्या तेरा दिवस आधी नवव्या कोयत्याला मुलगी झाली. डावखुरा दुसऱ्याच दिवशी एकटा पातीत उभा राहिला, स्वतःच तोडायचा आणि स्वतःच बांधायचा. मी त्या दिवसांत घड्याळ खिशातच ठेवलं आणि रोज कारकुनाच्या वहीत डोकावत राहिलो. शिमग्याच्या दिवशी बेरीज झाली. नववा कोयता आकड्याच्या वर होता, सात मोळ्यांनी. मुकादमानं माझ्या टोपीवर गुलाल टाकला. मावशीनं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा मास्तर, न्हाई मोडत. किती येळ रडती ते मोजा आता त्या घड्याळात." मी खरंच मोजलं. पाऊण मिनिट. सगळे हसले.

चार दिवसांनी मी माझा अहवाल शेतकी ऑफिसरच्या टेबलावर ठेवला. बारा ओळींचा तक्ता, कोयत्यागणिक रोजच्या सरासरी मोळ्यांचा, आणि खाली चार हालचालींची पद्धत, आकृत्यांसकट. तक्त्यात माझ्या निरीक्षणाचे आठवडे होते, म्हणजे बाळंतपणाआधीचे. त्यानं नवव्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि शीळ घातली.

पुढच्या हंगामात, पुन्हा शिमग्याच्या तोंडावर, मी प्राध्यापकांबरोबर तिथे गेलो. मला कॉलेजात जागा मिळाली होती. प्राध्यापकांना ती पद्धत डोळ्यांनी बघायची होती. ऑफिसर आम्हाला घ्यायला स्टेशनवर आला, मोठ्या आनंदात. त्यानं आमच्या शास्त्रासाठी फार केलं होतं. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या टोळ्यांना चार हालचाली शिकवायचं ठरलं, आणि आकृतीतला माणूस डावखुरा होता म्हणून सगळ्यांना कोयता डाव्या हातात धरायला लावला.

"डाव्या?" प्राध्यापक म्हणाले.

"आकृतीत तसंच होतं. आठ दिवस केलं. मग तिघांनी बोटं कापून घेतली, तेव्हा सोडून दिलं."

प्राध्यापक हसले. मीही हसलो. मग तो म्हणाला, "पण आकडा मात्र वाढवलाय. एक कोयता एवढं तोडू शकतो हे तुम्ही सिद्धच केलंत. मी काही राक्षस नाही, नवव्याच्या आकड्यातून चार-पाच मोळ्या सोडून दिल्यात."

मी हिशेब करू लागलो. बावीसपैकी चार-पाच सोडल्या, तरी बाकीच्या कुठून येणार?

फडात गेलो तर बाभळीखाली कुणी नव्हतं. भाकरी पातीतच उभ्यानं खाल्ली जात होती. मुकादमाची बाळी तीच, पण गालफडं बसलेली. मला बघून तो बांधावर आला.

"या मास्तर. बायकांना मोजून घ्या आधी." मग हळूच म्हणाला, "औंदा वटीच्या मोळ्या बंद झाल्या. कुनाला देनार? सोताचाच आकडा पुरा हुईना. दुसऱ्या कोयत्याची पोर पोटुशी हाय, आठवा. तिची कुनी भरली न्हाई."

"कुणीच?"

"न्हाई म्हनायला नवव्याची भरती. सकाळची एक, दुपारची एक. 'माझी भरली हुती, मी भरनार,' म्हनती. आमी लई सांगितलं, आगं तुजाच आकडा जाईल. ऐकंल तर शप्पत."

मी नवव्या पातीकडे पाहिलं. पाचटाच्या ढिगावर झोळीत ती मुलगी झोपली होती. तिची आई मोळी डोक्यावर घेऊन दुसऱ्या कोयत्याच्या पातीकडे चालली होती. तिनं मोळी उतरवली, मला पाहिलं आणि ओळखीचं हसली.

शिमग्याला बेरीज झाली. दुसरा कोयता आकड्याच्या बराच खाली गेला. नववाही गेला, थोडक्यात. रोजच्या दोन मोळ्यांनी दुसऱ्याचं भागणार नव्हतं. नवव्याचं मात्र तेवढ्यानं गेलं.

ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. टेबलावर माझा तक्ता काचेखाली ठेवलेला. ऑफिसर वहीतली दोन नावं खोडता खोडता म्हणाला, "गंमत बघा, नववाच! तुम्ही त्याला मोठा केलात, डोक्यात गेलं त्याच्या."

प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडली. ते माझ्याकडे वळले. "असं कसं? तोच माणूस, तीच पद्धत. का घसरला असेल?"

त्यांचा प्रश्न मागच्या वर्षीसारखाच नेमका होता. त्यांनाही खरंच जाणून घ्यायचं होतं. मी बोललो असतो तर त्या खोलीत काय झालं असतं? आकडा उतरला असता बहुधा. टोळीही काढली गेली असती, कदाचित. मुकादमाची भीती खोटी नव्हती. पण मी टोळीचा विचार करून गप्प बसलो असं म्हणणं म्हणजे आणखी एक खोटं होईल. मी काचेखालच्या तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "तब्येत बिघडली असेल."

प्राध्यापकांनी मान हलवली, आणि वहीत टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कोप्या मोडल्या. एका गाडीत दोन्ही घरांचं सामान मावलं. आमचीही स्टेशनची गाडी तेव्हाच निघायची होती. मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, येक सांगायचं ऱ्हायलं. तुमी शब्द पाळला. सायबाला ह्येतलं अजून काय ठावं न्हाई. तुमच्या जागी दुसरा आसता तर ल्हून मोकळा झाला आसता." मग कपाळावर हात मारून, "पन ह्यो आकडा त्यानं कुटनं काढला, त्येवढं काय कळंना."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. एवढं मला नक्की आठवतं, कारण त्याच वेळी नवव्याची बायको आली आणि ते तसंच मिटलं. काखेत मुलगी, हातात सोललेल्या उसाची कांडकी, वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पात्यानं, नीट बांधलेली, हुबेहूब लहानशी मोळी.

"गाडीत खा मास्तर. लांब जायचं तुमाला."

"तुम्ही कुठे जाणार?"

"बघू. राहात्याकडं कुनी तोडनीला घेतंय म्हनं." मग मुलीला माझ्याकडे वळवून म्हणाली, "वळीकलं का हिला? तुमच्या घड्याळात पहिल्यांदा रडली ती."

डावखुऱ्यानं गाडीवरून मला रामराम केला, डाव्या हातानं.

आगगाडीत प्राध्यापकांनी ती मोळी सोडली आणि एक कांडकं दाताखाली धरलं. "गोड आहे हो," म्हणाले. "घ्या ना." मी घेतलं. चावलं. तो ऊस किती गोड होता हे सांगायला मला अजून लाज वाटते.

प्राध्यापक आता नाहीत. त्यांना मी कधीच सांगितलं नाही. राहात्याच्या बाजूला पुढे मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा हंगाम नसताना. हंगामात जायचं धैर्य झालं नाही. माझ्या नावावर पुढे बरंच संशोधन झालं, त्यातलं बाकीचं मी पुन्हा पुन्हा तपासून लिहिलेलं आहे. पण विद्यार्थ्यांना माझं नाव माहीत आहे ते त्या तक्त्यासाठी.

त्या दोनपैकी एका पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. दुरुस्त्या असतील तर कळवा, असं प्रकाशकांचं पत्र टेबलावर आहे. नवव्या ओळीतून बावीस वजा करायचे आहेत. मग तो कोयता बाराही जणांत खालून दुसरा येतो, चार हालचाली करूनसुद्धा, कारण त्या घरची बाई आठ महिन्यांची गरोदर होती. आणि ते बावीस उरलेल्या अकरा ओळींत परत घालायचे आहेत, प्रत्येकीत दोन. बेरीज तीच राहते. तळटीप किती मोठी चालेल, एवढं मी प्रकाशकांना विचारलं आहे.